पॅनल गावाचं, मत तुमचं! ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह का नसतं?

ग्रामपंचायतीचा निकाल लागला की संध्याकाळपर्यंत सगळेच पक्ष 'एवढ्या ग्रामपंचायती आमच्या' म्हणून आकडे सांगतात. पण महाराष्ट्रात ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. राज्य निवडणूक आयोग उमेदवारांना मुक्त चिन्हं देतो. कपबशी, छत्री, शिट्टी अशी. म्हणजे कागदोपत्री प्रत्येक उमेदवार अपक्षच. पक्षांचे आकडे हे फक्त दावे असतात.

मग पॅनल काय असतं?

पॅनल ही गावातली आपापसातली जुळवाजुळव. बॅनरवर सगळ्यांचे फोटो एकत्र असतात, पण मतदान यंत्रावर प्रत्येकाचं नाव वेगळं असतं. एका प्रभागात साधारण दोन ते तीन सदस्य निवडायचे असतात. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असेल तर त्याचं मत वेगळं. तीन जागांचा प्रभाग असेल तर सरपंचासह तुमची चार मतं झाली. ही चारही एकाच पॅनलला द्या, असा कुठलाही नियम नाही. एक माणूस या पॅनलचा, दुसरा त्या पॅनलचा, तिसरा कुणाचाच नाही, असं चालतं. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर 'नोटा' आहेच.

उभं राहायचं असेल तर?

पक्षाचं तिकीट लागत नाही. एवढं मात्र बघा :
- वय 21 वर्षे पूर्ण आणि त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव.
- 1 जानेवारी 1995 रोजी किंवा नंतर जन्म असेल तर किमान सातवी पास.
- घरपट्टी, पाणीपट्टी भरलेली हवी. बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत न भरलेली थकबाकी अंगाशी येते.
- राखीव जागेसाठी जातीची कागदपत्रं आधीच तयार ठेवा.
- निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्या. जिंकलात तरी आणि हरलात तरी. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकता.

बिनविरोध आणि लिलाव यात फरक

गावानं एकत्र बसून माणूस ठरवला तर भांडणं टळतात, खर्च वाचतो. पण 'जो देवळाला जास्त पैसे देईल तो सरपंच' हा लिलाव झाला. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथली निवडणूक आयोगानं याच कारणावरून रद्द केली. लिलावात गरिबाचा उभं राहायचा हक्क जातो आणि बाकीच्यांचा मत द्यायचा.

जिल्हा परिषदेचं काय?

तिथं आणि पंचायत समितीत पक्षाची चिन्हं असतात. तरी अपक्ष उभा राहू शकतो. मात्र अपक्ष म्हणून निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर पक्षांतरबंदी कायद्यानं पद जाऊ शकतं. ग्रामपंचायत सदस्याला पक्षाचा व्हिप नाही. त्यामुळं 'वरून आदेश आला' हे कारण त्याला सांगता येत नाही.

म्हणून मत मागायला कुणी आलं की वरचा नेता कोण हे विचारण्यापेक्षा विचारा, गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती ग्रामसभांना हजर होता? पाण्याच्या टाकीचा हिशेब कधी मागितला का? ज्याच्याकडं उत्तर आहे, त्याचं बटण शोधा.