भूल देण्याआधी तोंड उघडून दाखवा

कळमन्याच्या मार्केट यार्डात मिरचीची पोती वाहणारे हमाल शस्त्रक्रियेसाठी आले, की मी आधी त्यांना तोंड उघडायला सांगते. स्वतःचीच तीन बोटं उभी आत जायला हवीत. खर्रा खाणाऱ्यांची पुष्कळदा दोनही जात नाहीत. खर्ऱ्यातल्या सुपारीनं गालाचं अस्तर आतून ताठर होत जातं आणि जबडा उघडेनासा होतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. मोठ्या शस्त्रक्रियेत भुलीबरोबर स्नायू सैल करणारं औषध दिलं, की पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी टाकून तो आम्ही चालवतो. नळी बसेपर्यंत आधी भरून घेतलेल्या ऑक्सिजनवरच त्याची भिस्त असते, म्हणून पहिल्याच प्रयत्नाला फार मोल आहे. पुन्हा पुन्हा खटपट केली, की घसा सुजतो, रक्त येतं आणि पुढचा प्रयत्न आणखी अवघड होतो.

ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी 1943 मध्ये आणलेल्या वाकड्या पात्याच्या लॅरिन्गोस्कोपवर आमच्या पिढ्या शिकल्या. डाव्या हातानं जीभ बाजूला सारून जबडा उचलायचा आणि डोळ्यांनी थेट स्वरयंत्र शोधायचं. मान आखडलेली असली, हनुवटी मागे असली, की ते दिसतच नाही. व्हिडिओ लॅरिन्गोस्कोपच्या पात्याच्या टोकाशी कॅमेरा असतो. जिभेमागचं वळण ओलांडून तो आतलं पडद्यावर दाखवतो. शिकाऊ डॉक्टरचं कुठं चुकतंय, हे शेजारी उभ्या असलेल्या मलाही दिसतं. मला याचं फार अप्रूप आहे.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या 8,429 शस्त्रक्रियांमध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. 2024 मध्ये निष्कर्ष आले. एकाहून जास्त प्रयत्न व्हिडिओनं 1.7 टक्के वेळा लागले, थेट पद्धतीनं 7.6 टक्के. दातांना किंवा घशाला होणाऱ्या इजांमध्ये मात्र ठळक फरक नव्हता. डॉक्टरांना हातात कोणतं साधन आहे हे अर्थातच ठाऊक होतं. तरीही एवढा फरक मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही.

पडद्यावर स्वरयंत्र स्वच्छ दिसूनही नळी वळत नाही, असंही होतं. तिच्यात योग्य बाक दिलेली तार लागते. रक्त किंवा लाळ लागली, की कॅमेरा आंधळा होतो. म्हणून जुना हातही पक्का हवाच. आणि ज्याच्या तोंडात एकच बोट जातं, तिथं दोन्ही पाती निरुपयोगी. त्याला जागं ठेवून, नाक बधिर करून, लवचिक दुर्बिणीवरून नळी सरकवावी लागते. ती तयारी आधीच हवी, टेबलावर झोपवल्यावर नव्हे.

जिथं भूल दिली जाते, त्या प्रत्येक थिएटरात व्हिडिओ लॅरिन्गोस्कोप असावा आणि पहिला हात त्यालाच जावा, असं माझं ठाम मत आहे. तुमच्याकडून एवढंच हवं: खर्रा खात असाल, दात हलत असेल, आधीच्या ऑपरेशनला नळी टाकताना त्रास झाला असेल, तर लाजू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरला आदल्या दिवशीच सांगा.