तडितरक्षकाची निगा

वैशाखाच्या अखेरीस दुपारचे आकाश काळवंडून येते, वारा पडतो आणि दूर क्षितिजावर विजा चमकू लागतात. अशा वेळी उंच इमारतीच्या गच्चीवर, देवळाच्या शिखरावर किंवा गिरणीच्या धुराड्यावर उभ्या असलेल्या धातूच्या टोकदार दांड्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हा दांडा म्हणजे तडितरक्षकाचा माथा होय. एकदा बसवला की लोक त्याला विसरून जातात. परंतु ज्या वस्तूकडे धन्याचे लक्ष नसते, तिच्याकडे गंजाचे आणि लबाडांचे लक्ष लवकर जाते.

तडितरक्षकाचा शोध बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन विद्वानाने लावला. आकाशात चमकणारी वीज आणि घर्षणाने उत्पन्न होणारी वीज या दोन्ही एकच आहेत, असे त्याचे मत होते. १७५२ मध्ये फ्रान्समध्ये व अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी ते खरे ठरले. विजेपासून घराचे रक्षण कसे करावे याची रीत त्याने आपल्या १७५३ सालच्या पंचांगात छापून सर्वांना सांगितली. या शोधावर आपला एकाधिकार सांगून त्याने पैसा मिळवला नाही. १७६० मध्ये फिलाडेल्फिया शहरात वेस्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या घरावर वीज पडली. दांड्याच्या टोकाचा थोडा भाग वितळला. घराला मात्र इजा झाली नाही.

तडितरक्षकाची रचना अगदी साधी असते. तिचे भाग तीन : माथ्यावरचा दांडा, तेथून भिंतीवरून खाली येणारी धातूची जाड पट्टी आणि जमिनीत खोल पुरलेला धातूचा पत्रा किंवा नळ. आकाशातून वीज कोसळते तेव्हा सेकंदाच्या अत्यल्प भागात सुमारे ३०,००० अँपिअर, कधी त्याहूनही अधिक, विद्युत्‌प्रवाह वाहतो. हा प्रवाह भिंतीतून, लाकडातून किंवा माणसाच्या शरीरातून गेला, तर अनर्थ ओढवतो. म्हणून त्याला जमिनीत जाण्यासाठी धातूचा सुलभ मार्ग करून द्यायचा, एवढेच तडितरक्षकाचे काम आहे.

छपराच्या पन्हळीशी त्याची तुलना करता येईल. पन्हळ पाऊस थांबवीत नाही किंवा पाणी साठवूनही ठेवीत नाही. पडलेले पाणी ती सुरक्षितपणे खाली नेते. तडितरक्षकही वीज अडवीत नाही आणि साठवीत नाही. पन्हळ मध्येच फुटली, तर पाणी भिंतीत मुरते. त्याचप्रमाणे तडितरक्षकाची पट्टी मध्येच तुटली, तर वीज तेथून उडी घेऊन घरात शिरू शकते. म्हणून तुटका तडितरक्षक हा घराचा रक्षक राहत नाही, उलट त्याच्यापासून घराला धोकाच संभवतो.

हे साधे तत्त्व ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांची फसवणूक पूर्वी अमेरिकेत फार झाली. एकोणिसाव्या शतकात तेथे तडितरक्षक विकणारे फिरते विक्रेते गावोगाव हिंडत असत. त्यांत प्रामाणिक लोक होते, तसे लबाडही होते. विजेचे भय दाखवून ते घरावर गरजेपेक्षा अधिक दांडे बसवीत. पट्टीच्या लांबीवर दर आकारून बिल फुगवीत. कित्येकदा पट्टीचे खालचे टोक कोरड्या जमिनीत जेमतेम खोचलेले असे आणि त्यामुळे पैसे देऊनही रक्षण होत नसे. या विक्रेत्यांची मार्क ट्वेन या विनोदी लेखकाने १८७० मध्ये एका लेखात थट्टा केली आहे. लिखाणात गढून गेलेला एक गृहस्थ विक्रेत्याच्या प्रत्येक प्रश्नाला न ऐकताच होकार देतो आणि अखेरीस त्याच्या घरावर दांड्यांचे जणू रानच उभे राहते.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत विजा अधिक पडतात. म्हणून दरवर्षी चैत्र-वैशाखात तडितरक्षकाची तपासणी करणे उत्तम. तपासणीचा बराचसा भाग जमिनीवर उभे राहून नुसत्या डोळ्यांनी करता येतो. दांडा सरळ उभा आहे काय? पट्टी वरपासून खालपर्यंत अखंड आहे काय? ती भिंतीला घट्ट धरून आहे, की खिळे निसटून लोंबते आहे? तिला कोठे एकाएकी काटकोनात वाकवले आहे काय? जोड सैल झालेले, गंजलेले किंवा हिरवे पडलेले दिसतात काय? तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट जोडलेले असतील, तर ओलाव्याने तो जोड लवकर झिजतो. घरावर नंतर पाण्याची टाकी किंवा लोखंडी मांडव उभारला असेल आणि तो दांड्याहून उंच गेला असेल, तर जुनी व्यवस्था अपुरी पडते. घरावर वीज पडून गेल्यानंतर तर ही तपासणी अवश्य करावी. मात्र छपरावर चढण्याचे काम मुलांनी कधीही करू नये. आणि ढग गडगडत असताना पट्टीजवळ कोणीही उभे राहू नये.

दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ते जमिनीत पुरलेल्या भागाच्या बाबतीत विशेष खरे आहे. तो भाग डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून त्याची परीक्षा यंत्राने करावी लागते. विद्युत्‌प्रवाहाला जमीन किती विरोध करते, हे त्या यंत्रावर ओहम या एककात वाचता येते. हा विरोध शक्यतो १० ओहमच्या आत असावा. ओल्या मातीत तो कमी आणि कोरड्या मातीत अधिक असतो. म्हणून उन्हाळ्यातील मोजणीच खरी कसोटीची होय. आकडा आणि तारीख एका वहीत टिपून ठेवावी. वर्षानुवर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, की व्यवस्था बिघडते आहे काय, हे घरातील कोणालाही कळते.

या कामांना पैसा लागतो आणि तो देणे योग्यच आहे. यंत्राने मोजणी करणे, सैल जोड आवळणे, झिजलेली पट्टी बदलणे, जमिनीतील नळ नव्याने पुरणे ही खरी कामे आहेत. परंतु कोणी येऊन म्हणू लागला, की दांड्यातील शक्ती संपली आहे, ती पुन्हा भरावी लागेल, तर ते साफ खोटे समजावे. ज्यात काही साठवलेलेच नसते, त्यात भरायचे काय? एकच दांडा साऱ्या गावाचे रक्षण करील, हे म्हणणेही तसेच. दांड्याचे संरक्षण त्याच्या सभोवतालच्या मर्यादित जागेपुरतेच असते. दांडा बसवला की घरातील विजेची उपकरणे आपोआप सुरक्षित होतात, हाही भ्रम होय. त्यांच्यासाठी निराळी योजना करावी लागते.

अशा वेळी भांडण्याची गरज नसते. शांतपणे चार प्रश्न विचारावेत. कोणता जोड सैल आहे, तो दाखवाल काय? मोजणीचा आकडा दुरुस्तीपूर्वी किती होता आणि नंतर किती झाला? काढलेला जुना भाग कोठे आहे? केलेल्या कामाचे आणि दराचे लेखी बिल मिळेल काय? प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. जो आजच पैसे द्या, नाहीतर उद्या वीज पडेल अशी घाई करतो, त्याला नम्रपणे निरोप द्यावा आणि परवाना असलेल्या दुसऱ्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

फसवणुकीच्या भीतीने तपासणीच टाळणे हाही तितकाच मोठा दोष आहे. खोट्या कामाचे पैसे वाया जातात, ते पुन्हा मिळवता येतात. पण खरे काम राहून गेले, तर एखाद्या वादळी सायंकाळी त्याची किंमत घरातील माणसांना मोजावी लागते. फ्रँकलिनने आपले ज्ञान सर्वांसाठी मोकळे ठेवले. ते समजून घेतलेल्या घरात पावसाळ्यापूर्वी पट्टी पाहिली जाते, वहीत आकडा टिपला जातो आणि योग्य कामाचा योग्य मोबदला दिला जातो.