एका निनावी प्रवासवर्णनाचा कर्ता : भिक्खू ह्येचो

फाहियान व ह्यु-एन-त्संग ही नावे आपल्या वाचकांस सुपरिचित आहेत. भिक्खू ह्येचो मात्र अपरिचितच राहिला. त्याचे प्रवासवर्णन कित्येक शतके लुप्त होते आणि सापडले तेव्हा त्यावर कोणाचेच नाव नव्हते.

चीनच्या वायव्य सीमेवरील दुनहुआंगच्या लेण्यांत १९०० साली भिंतीआड बंद असलेली एक कोठडी उघडली गेली. १९०८ मध्ये फ्रेंच पंडित पॉल पेलिओ तेथील हस्तलिखिते चाळत असता एक चिनी गुंडाळी त्यांच्या हाती आली. ओळी २२७, आरंभ नाही, शेवट नाही, शीर्षक नाही. विषय मात्र स्पष्ट होता : भारताची यात्रा.

कर्त्याचा शोध लागला तो एका कोशामुळे. नवव्या शतकाच्या आरंभी हुइलिन या भिक्खूने बौद्ध ग्रंथांतील कठीण शब्दांचा शंभर प्रकरणांचा चिनी कोश सिद्ध केला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात, पाच भारतांच्या यात्रेविषयीच्या एका त्रिखंडात्मक ग्रंथातील शब्द ग्रंथाच्याच क्रमाने दिले असून कर्त्याचे नाव हुएचाओ असे नोंदविले आहे. या लुप्त ग्रंथाची दखल पेलिओंनी १९०४ मध्येच घेतली होती. कोशातील शब्द गुंडाळीतील मजकुराशी जुळू लागले, तेव्हा संशय उरला नाही. सर्वच शब्द त्यात नाहीत; म्हणून ही गुंडाळी मूळ ग्रंथाचा संक्षेप असावी, असे अनेक अभ्यासक मानतात व आम्हांसही ते पटते. कोशरचनेसारखे रुक्ष काम कोणाला कधी उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही!

हा हुएचाओ चिनी असावा असाच समज होता. १९१५ मध्ये जपानी विद्वान ताकाकुसु यांनी दाखविले की, आचार्य अमोघवज्र यांच्या मृत्युपत्रातील शिष्यांच्या यादीत तो 'सिल्लाचा' म्हणून येतो. सिल्ला म्हणजे कोरियातील प्राचीन राज्य. कोरियन उच्चार ह्येचो.

इ. स. ७२७ मध्ये तो मध्य आशियातील कूचा येथे परतला. म्हणजे ह्यु-एन-त्संगनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी आपल्या देशाची स्थिती पाहिलेला हा साक्षीदार होय. त्याची साक्ष एकेरी नाही. कपिलवत्थू उद्ध्वस्त, लुंबिनीच्या वाटेवर चोरांचे भय, हे तो लिहितो. आणि मध्य, दक्षिण व पश्चिम भारतात राजे व प्रजा त्रिरत्नांचा अत्यंत आदर करतात, असेही लिहितो. दक्षिणेत विहार व भिक्खू पुष्कळ आहेत. परंतु नागार्जुनाशी जोडलेला तेथील डोंगरातला महाविहार त्याला ओस दिसला. धम्माच्या ऱ्हासाविषयी लिहिताना यांतील उजाड स्थळेच तेवढी उद्धृत करणे आम्हांस अनुचित वाटते.

कुसिनाऱ्याचेच पाहा. नगर ओसाड, सभोवती निबिड अरण्य, वंदनेस जाणाऱ्यांना गेंडे व वाघ जखमी करतात. तरीही एक ध्यानी भिक्खू स्तूपाची झाडलोट करीत असे. आणि दरवर्षी आठव्या महिन्याच्या आठव्या दिवशी भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका तेथे महापूजेसाठी जमत.