ताटावरील आग्रह : जठराचा कर्करोग आणि घरांतील माणसें

महाराष्ट्रीय घरांत माया शब्दांपेक्षां ताटांतूनच अधिक व्यक्त होते. पाहुणा पानावर बसला कीं त्याला आग्रह होतो, मुलगा परगांवाहून आला कीं त्याच्या आवडीचा पदार्थ होतो, कोणी आजारी पडला कीं "आज कांहीं पोटांत गेलें का?" हाच शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो. जेवणें म्हणजे प्रकृति सुधारणें आणि वाढणें म्हणजे प्रेम करणें, हें समीकरण मनांत इतकें पक्कें बसलेलें असतें कीं तें कधीं चुकूं शकेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. जठराचा कर्करोग हाताबाहेर गेला म्हणजे मात्र नेमकें हेंच समीकरण मोडतें, आणि रोग्याच्या मूळ यातनांच्या जोडीला घरांत ताटावरून एक नवी यातना सुरू होते.

असें घर डोळ्यांपुढें आणणें कठीण नाहीं. पत्नी वाटींत मऊ भात कालवून आणते आणि म्हणते, "अहो, निदान चार घास तरी घ्या. न खाऊन अंगांत शक्ति येणार कोठून?" पति तिच्यासाठीं दोन घास गिळतो. तिसऱ्या घासाला पोट दुखूं लागतें आणि थोड्या वेळानें सारें उलटून पडतें. पत्नीला वाटतें, आपली सेवाच कोठें तरी कमी पडली. पतीला वाटतें, हिच्या कष्टांचें आपल्या हातून चीज होत नाहीं. दोघांच्याहि मनांत मायाच असते. परंतु जेवणाची वेळ जवळ आली कीं दोघांनाहि धास्ती वाटूं लागते. ही धास्ती दूर करावयाची, तर रोगी कां जेवत नाहीं हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

निरोगी जठर ही एक ताणली जाणारी पिशवी आहे. जेवणाच्या वेळीं ती सैल होते आणि सुमारें एक ते दीड लिटर अन्न सामावून घेते. गांठ जठराच्या वरच्या तोंडाशीं असेल, तर घास उतरतांना अडकतो. ती खालच्या तोंडाशीं असेल, तर अन्न आंतड्यांत न जातां तासन् तास सांचून राहतें आणि शेवटीं न पचलेल्या स्थितींत ओकून पडतें. कित्येकदां रोग जठराच्या साऱ्या भिंतींत पसरतो. मग तें चामड्याच्या बुधल्यासारखें ताठ होतें व ताणलेंच जात नाहीं. पुढें पोटाच्या पोकळींत पाणी सांचलें, तर बाहेरूनहि दाब पडतो. अशा रोग्यानें तीन घासांनंतर "पोट भरलें" असें म्हटलें, तर तो हट्ट नव्हे. त्याचें पोट खरोखरच भरलेलें असतें.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. रोग वाढला म्हणजे गांठीमुळें, आणि तिच्याशीं झगडणाऱ्या शरीराच्या प्रतिकारामुळें, रक्तांत असे पदार्थ उत्पन्न होतात कीं ते मेंदूंतील भुकेची जाणीव मंद करतात आणि स्नायू झिजवितात. ह्या अवस्थेला मराठींत शोष हा जुना व अन्वर्थक शब्द आहे. उपासमारीनें रोडावलेला माणूस अन्न मिळतांच पुन्हां भरूं लागतो. शोषानें खंगलेल्या माणसाला केवळ अधिक अन्न देऊन पूर्ववत् करतां येत नाहीं. घरांतील माणसें समजतात कीं रोगी जेवत नाहीं म्हणून खंगतो. वस्तुस्थिति अशी कीं तो रोगानें खंगतो आणि त्याच रोगामुळें जेवूं शकत नाहीं. हा भेद एकदां मनांत ठसला, म्हणजे रोग्यावरील रागहि मावळतो व स्वतःवरील दोषारोपहि.

तथापि, भूक गेली म्हणजे कांहींच करावयाचें उरलें नाहीं, असा अर्थ कोणीं काढूं नये. शस्त्रक्रियेनें रोग समूळ काढण्याचा बेत असेल, किंवा केमोथेरपीनें रोग आटोक्यांत ठेवण्याचा प्रयत्न चालला असेल, तर पोषणाला फार महत्त्व आहे. तेथें आहारतज्ज्ञाचा सल्ला काटेकोरपणें पाळावा. रोग पुढें गेल्यावरहि न जेवण्याचीं कांहीं कारणें दूर होण्यासारखीं असतात. तोंडांत बुरशीचा पांढरा थर आला असेल, मलावरोध झाला असेल, मळमळ किंवा वेदना असेल, मन खिन्न झालें असेल, तर त्या त्या गोष्टीवर औषध आहे. जठराचें तोंड बंद झालें असल्यास दुर्बिणीच्या साहाय्यानें धातूची जाळीदार नळी बसवून, अथवा जठर लहान आंतड्याला जोडून, अन्नाची वाट मोकळी करतां येते. विष्ठेचा रंग डांबरासारखा काळा होणें किंवा ओकारींत रक्त दिसणें हें रक्तस्रावाचें लक्षण होय. त्या वेळीं डॉक्टरांना कळविण्यास क्षणाचाहि विलंब लावूं नये.

मग वाढावें कसें? दोन मोठ्या जेवणांऐवजीं दिवसांतून सहा-आठ वेळां थोडें थोडें द्यावें. मोठें ताट पाहूनच रोग्याची छाती दडपते, म्हणून लहान वाटी घ्यावी. पेज, मेतकूट घालून मऊ भात, मुगाचें कढण, नाचणीचें सत्त्व, सायीचें दहीं, खीर, ह्यांपैकीं ज्या वेळीं जें रुचेल तें द्यावें. काल आवडलेला पदार्थ आज नकोसा झाला तर वाईट वाटून घेऊं नये, कारण ह्या रोगांत चव वारंवार बदलते. फोडणीच्या वासानें मळमळ होत असेल तर रोग्याची खोली स्वयंपाकघरापासून दूर असावी, आणि अन्न ऊन ऊन न देतां निवळल्यावर द्यावें. जेवणाबरोबर फार पाणी देऊं नये. तें मधल्या वेळांत घोट घोट द्यावें. जेवतांना पाठीला आधार देऊन बसवावें व नंतर निदान अर्धा तास आडवें होऊं देऊं नये. मुख्य म्हणजे, वाटी जवळ ठेवून एकदां विचारावें, आणि "नको" म्हटल्यास ती हंसतमुखानें उचलावी.

रोग्याचे शेवटचे दिवस आले म्हणजे घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. "निदान सलाईन तरी लावा, उपाशीं कसें ठेवावयाचें?" असें जवळचे नातेवाईक कळवळून म्हणतात. परंतु त्या अवस्थेंत शरीराला पाणी व अन्न वापरतांच येत नाहीं. नळीनें दिलेलें पाणी कित्येकदां हातापायांवर सूज आणतें, पोटांतील पाणी वाढवितें आणि श्वास घुरघुरूं लागतो. अशा माणसाला बहुधा भूक लागत नाहीं. कोरडें पडतें तें तोंड. ओल्या कापसानें ओंठ व जीभ पुसणें, बर्फाचा लहानसा तुकडा चघळावयास देणें, ओंठांना तूप लावणें, ह्यानें त्याला सलाईनपेक्षां अधिक बरें वाटतें. आपल्याला कोणते उपचार नकोत हें शुद्धींत असतांनाच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं मान्य केला, आणि 2023 सालीं त्याची रीत अधिक सोपी केली. असा विचार आधींच झालेला असेल, तर पुढें मुलांवर निर्णयाचें ओझें पडत नाहीं.

अन्नाइतकाच गैरसमज वेदनेविषयीं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें 1986 सालीं कर्करोगाच्या वेदनेवर औषधें देण्याची पायरीपायरीची पद्धति प्रसिद्ध केली. शक्य तोंवर औषध तोंडानें द्यावें, आणि वेदना उसळण्याची वाट न पाहतां घड्याळाप्रमाणें द्यावें, हीं तिचीं मुख्य सूत्रें होत. तीव्र वेदनेवर मॉर्फिन हें तिचें प्रमुख औषध. त्याचें नांव निघतांच घरचीं माणसें दचकतात. व्यसन लागेल, किंवा हें औषध म्हणजे अखेर, असें त्यांना वाटतें. वेदनेसाठीं योग्य मात्रेंत दिलेल्या मॉर्फिननें व्यसन लागणें विरळा, व त्यानें मृत्यु ओढवतो ही समजूतहि निराधार आहे. त्यानें मलावरोध मात्र होतो, म्हणून जोडीला रेचक घ्यावेंच लागतें. ओकाऱ्यांमुळें गोळी टिकत नसेल, तर त्वचेखालीं टोंचून अथवा त्वचेवर पट्टी लावून वेदनाशामक देतां येतें. उलट, दुकानांतून परस्पर आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्यांपैकीं कित्येक जठरांतून रक्तस्राव करवितात. त्या विचारल्याशिवाय देऊं नयेत. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळें मॉर्फिन मिळणें दुरापास्त झालें होतें. 2014 सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांचा मार्ग सुकर झाला.

वेदना केवळ शरीराची नसते, हा विचार सिसिली साँडर्स ह्या इंग्रज विदुषीनें वैद्यकांत रुजविला. प्रथम परिचारिका, मग समाजसेविका व शेवटीं डॉक्टर झालेल्या ह्या बाईंनीं 1967 सालीं लंडन येथें सेंट क्रिस्टोफर्स हें शुश्रूषागृह काढलें. शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा ह्या चारी ठिकाणचें दुःख मिळून रोग्याची वेदना बनते, असें त्यांचें सांगणें होतें. भारतांत अशा प्रकारचें पहिलें शुश्रूषागृह 1986 सालीं मुंबईस वांद्रें येथें शांति आवेदना ह्या नांवानें निघालें. पुण्याजवळ वारजें येथेंहि 1997 पासून असें केंद्र चालू आहे. 1941 सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतहि ह्या शुश्रूषेचा स्वतंत्र विभाग आहे. अशा मदतीसाठीं अखेरच्या आठवड्याची वाट पाहूं नये. इतर उपचार चालू असतांनाच ती घेतली, तर रोग्याला व घराला अधिक दिवस स्वास्थ्य लाभतें.

मनाच्या दुःखाचें मोठें कारण म्हणजे घरांत पाळलेलें मौन. "त्यांना कांहीं सांगूं नका" असें मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर बजावतो, आणि आंत वडील पत्नीला म्हणतात, "मुलांना सांगूं नकोस, मला सारें कळलें आहे." एकाच छपराखालीं प्रत्येकजण दुसऱ्याला जपण्यासाठीं एकटा पडतो. रोग्यावर सत्य लादूं नये, पण त्यानें विचारलें तर तें टाळूंहि नये. "नाना, तुम्हांला काय वाटतें? कशाची काळजी वाटते?" एवढें विचारून ऐकत बसलें, तरी बहुधा तोच पुढचें बोलतो. पुष्कळांना मरणापेक्षां वेदनेची, परावलंबनाची, आणि मागें राहणाऱ्यांच्या आबाळीची भीति अधिक असते. कागदपत्रें, देणींघेणीं, कोणाची तरी भेट, तुटलेलें एखादें नातें, हीं कामें बोलणें मोकळें झालें तरच वेळेवर होतात.

शुश्रूषा करणारें माणूसहि हाडामांसाचेंच असतें. बहुतेक घरांत सारा भार एकाच बाईवर पडतो आणि बाकीचे येऊन सल्ले देतात. त्यापेक्षां रात्रीचें जागरण, औषधांची नोंद, दवाखान्याची फेरी, पैशांचा हिशेब हीं कामें वांटून घ्यावीं. भेटीस येणाऱ्यांनीं "अमक्याला अमुक काढ्यानें गुण आला" असें सांगण्यापेक्षां दोन तास रोग्यापाशीं बसून त्या बाईला झोंप घेऊं द्यावी. तिला आतां खरी गरज विश्रांतीची असते.

आग्रह ही आपल्या घरांची चांगलीच चाल आहे. तिचा त्याग करण्याचें कारण नाहीं, तिचें रूप मात्र बदललें पाहिजे. ज्या हातानें घास भरविला, त्याच हातानें पाय चेपतां येतात, केस विंचरतां येतात, ओंठ ओले करतां येतात. रोग्यानें वाटी परत केली म्हणजे माया परत केली असें नव्हे. वाटी बाजूला ठेवून जो त्याच्या अंथरुणाशीं नुसता बसून राहतो, त्यानें त्याला उपाशीं ठेविलें असें कोणीं समजूं नये.