फाईव्ह-जीचा टॉवर : धास्ती किती धरावी, भरवसा किती ठेवावा?



आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत खतं, बियाणं, कीड-रोग यांच्याच शंका जास्त असतात. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे, ती म्हणजे फाईव्ह-जी. कोणी विचारतं, "शेजारच्या गटात टॉवर उभा राहतोय, डाळिंबाला फळ धरेल ना?" कोणी विचारतं, "फाईव्ह-जी आलं की घरबसल्या शेती होईल म्हणतात, खरं का?" एकाला भीती आहे, दुसऱ्याला आशा. दोघांनाही नीट उत्तर मिळालं पाहिजे, म्हणून या वेळचं पत्रक याच विषयाला दिलं आहे.

पहिल्यांदा ही भानगड काय आहे ते पाहू. 'जी' म्हणजे जनरेशन, म्हणजे पिढी. आपल्या देशात मोबाईलवरून पहिलं बोलणं झालं ते ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्ता ते दिल्ली. तेव्हापासून यंत्रणेच्या पिढ्या बदलत गेल्या. टू-जीवर बोलणं आणि संदेश एवढंच चाले. फोर-जीवर चित्रफिती धावू लागल्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाईव्ह-जीला सुरुवात झाली. त्याचा वेग मोठा, आणि एकाच टॉवरवर एका वेळी पुष्कळ फोन व यंत्रं निभावून नेण्याची ताकद मोठी. यात्रेत किंवा बाजार समितीच्या आवारात हजारो माणसं जमली की फोन अडकतो, ती अडचण त्यानं कमी होते.

पण बंधूंनो, वेग वेगळा आणि पोच वेगळी. इथंच सगळी मेख आहे.

तुम्ही आमचा कार्यक्रम ज्या मध्यम लहरींवर ऐकत आलात, त्या लहरींची लांबी शेकडो मीटर असते. म्हणून त्या डोंगर ओलांडून, जिल्हे ओलांडून तुमच्या ओट्यावर येतात. मोबाईलच्या लहरी त्या मानाने फार आखूड. फाईव्ह-जीसाठी २०२२ साली जे पट्टे लिलावात गेले, त्यांत ७०० मेगाहर्ट्झचा एक आहे. त्याची लाट साधारण एक हातभर लांब. ती लांब जाते, भिंतीतून आतही शिरते. दुसरा पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा. त्याची लाट नऊ सेंटीमीटरच्या आसपास. खरा वेग या दुसऱ्या पट्ट्यात आहे, पण त्याला लवकर दम लागतो. मध्ये उसाचा उंच फड आला, आमराई आली, टेकाड आलं, की तो अडतो. तिसरा २६ गिगाहर्ट्झचा पट्टा तर आणखी आखूड. तो शहरातल्या चौकातच शोभतो, शिवारात त्याचं काम नाही. तेव्हा 'गावात फाईव्ह-जी आलं' असं ऐकलं तर लगेच हुरळून जाऊ नका. वेशीजवळ आलं, की मळ्यातल्या विहिरीपर्यंत आलं, हे आधी विचारा.

आणखी एक गोष्ट. टॉवरला माहितीचं पाणी मागून आणावं लागतं. ते अनेकदा जमिनीखालच्या काचतंतूच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून येतं. कालव्याचंच उदाहरण घ्या ना. मुख्य कालवा दुथडी भरून वाहिला तरी चारी गाळानं भरली असेल तर टेलच्या शेतकऱ्याला काय मिळतं? तसंच इथं आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारनं २०११ साली मंजुरी दिली, तीच आजची भारतनेट. तार अनेक गावांत पोचली. पण रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागला की ती तुटते, आणि जोडायला कोण येतो याची वाट बघत बसावं लागतं. दुर्गम भागात तर अजून साधा सिग्नलच नव्हता. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी वेगळी योजना मंजूर केली. म्हणजे ज्या वर्षी शहरांत फाईव्ह-जीचा नारळ फुटला, त्याच वर्षी सरकारी हिशेबात चोवीस हजारांवर गावं फोर-जीवाचून होती. टेलच्या माणसाचं मन शंकेखोर होतं ते उगाच नाही.

आता आशेकडे वळू. शेताला या वेगाचा उपयोग किती?

खरं सांगायचं तर शेतातल्या बहुतेक कामांना वेग लागतच नाही. जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र दिवसातून काही वेळा जो आकडा पाठवतं, तो पोस्टकार्डावरच्या एका ओळीपेक्षा मोठा नसतो. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं उसात संगणकाच्या कृत्रिम बुद्धीचा प्रयोग केला, त्याची चर्चा तुम्ही ऐकली असेल. शेतातलं हवामान केंद्र, मातीतले संवेदक आणि उपग्रहाची छायाचित्रं यांवरून पाणी-खताचा सल्ला फोनवर येतो. प्रयोग चांगला आहे. पण त्याला फाईव्ह-जीच हवं असं नाही. बारीक पण न तुटणारी धार असली तरी भागतं.

तेच दामिनीचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं तयार केलेलं हे अ‍ॅप आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याचा धोका असेल तर आगाऊ इशारा देतं. वळवाच्या पावसात झाडाखाली उभं राहून किती माणसं आणि जनावरं दगावतात हे तुम्हाला सांगायला नको. हा इशारा चार ओळींचा. पण तो मिळायला हवा तो उघड्या रानात, औत धरलेल्या माणसाला. घरी चार्जिंगला लावलेल्या फोनवर तो वाजून काय उपयोग? आणि रानात पट्टीच नसेल तर खिशातला महागडा फोन दगडासारखाच.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा, सातबाऱ्यावर नोंद करायची. नोंद नसली की नुकसानभरपाईच्या वेळी अडचण. कितीतरी जण फोन डोक्यावर धरून शेतभर हिंडताना आम्ही पाहिले आहेत. ही माणसं वेग मागत नाहीत. दोन पट्ट्या मागतात.

मग फाईव्ह-जीचा काहीच लाभ नाही का? आहे की. घरावर छोटा अँटेना लावून तार न ओढता इंटरनेट घेण्याची सोय २०२३ पासून कंपन्यांनी सुरू केली. जिथं सिग्नल चांगला आहे तिथं मुलांचा अभ्यास, आजाऱ्याचं डॉक्टरांशी समोरासमोर बोलणं, महिला बचत गटाची मालविक्री, याला ती उपयोगी पडेल. फोर-जीवरची गर्दी फाईव्ह-जीकडे वळली तर फोर-जीवाल्यांनाही जरा मोकळं होतं. पण 'फाईव्ह-जी नाही म्हणून शेती मागे राहिली' असं कोणी विकायला आलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

एक सावधगिरीची सूचना इथंच देतो. विहिरीवर ज्यांनी मोबाईल स्टार्टर बसवला आहे, त्यांनी त्यातलं सिम कशावर चालतं ते पाहावं. जुने बहुतेक स्टार्टर टू-जीवरचे आहेत. टू-जी अजून काही कंपन्या चालवतात, पण थ्री-जी बऱ्याच ठिकाणी बंद झालंच. उद्या टू-जीचा पट्टा नव्या पिढीकडे वळला, तर रात्री घोंगडीतून रिंग देऊन मोटर चालू करणारे आपण पुन्हा बॅटरी घेऊन विहिरीकडे निघू. नवा स्टार्टर घेताना फोर-जीवर चालणारा घ्यावा. आणि आपल्या विहिरीवर कोणत्या कंपनीची पट्टी टिकते, हे दोन-तीन दिवस फोन ठेवून आधी बघावं.

आता भीतीचा भाग. तो हसण्यावारी नेऊ नये.

२०२०-२१ मध्ये करोनाच्या दिवसांत फाईव्ह-जीच्या लहरींनीच साथ पसरते अशी आवई उठली. २०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात लोकांनी टॉवर पेटवले. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत तोच संदेश फोनाफोनी फिरला. मे २०२१ मध्ये दूरसंचार विभागाला जाहीर करावं लागलं की तेव्हा देशात फाईव्ह-जीची चाचणीसुद्धा कुठं सुरू झालेली नव्हती. म्हणजे बी पेरलंच नव्हतं, आणि पीक आलं म्हणून ओरड!

लहरींनी कर्करोग होतो का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ साली या लहरी 'कदाचित धोक्याच्या' या गटात घातल्या. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. गटाचा अर्थ एवढाच की पुरावा तोकडा आहे, पण शंका पुरती फिटलेली नाही. त्यानंतर त्याच संघटनेनं करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला. फोनचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात दिसला नाही. या लहरींची ताकद अशी की फार जवळून, फार जोरात पडल्या तर ऊब आणतील. पेशीतला अणू फोडण्याचं बळ त्यांच्यात नाही. सूर्याच्या उजेडाची स्पंदनं त्यांच्या लाखपटीहून जास्त असतात, आणि आपण जन्मभर त्या उजेडात राबतो.

शिवाय अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर पावपट उरतो. टॉवर शंभर पावलांवर, फोन मात्र कानाला चिकटलेला. आणि गंमत अशी की टॉवर लांब असला, पट्टी कमी असली, की फोन स्वतःचा जोर वाढवून ओरडतो. गावानं टॉवर हाकलला तर कानाजवळचा जोर वाढतो, कमी होत नाही. भारतानं टॉवरसाठीची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. कोणाला आपल्या घराजवळचा टॉवर मर्यादेत आहे का अशी शंका असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर फी भरून मोजणी मागता येते. ग्रामसभेत भांडण्यापेक्षा ती मोजणी मागवावी. डाळिंब न धरण्याला मात्र टॉवरच्या आधी बहाराचं पाणी, तेल्या आणि फुलोऱ्यातली फवारणी तपासा.

खरी धास्ती धरायची ती वेगळीच आहे. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारांना फोन आला, "काका, तुमचा गट फाईव्ह-जी टॉवरसाठी निवडला आहे. वीस लाख आगाऊ, महिना चाळीस हजार भाडं, घरातल्या एकाला नोकरी." मागोमाग शिक्क्याचं पत्रही आलं. आधी नोंदणीचे काही हजार, मग करापोटी, मग ना-हरकत दाखल्यापोटी. कांद्याची पट्टी आलेली होती, ती अशी गेली. लाजेपायी त्यांनी दोन महिने घरात सांगितलं नाही. बंधूंनो, टॉवर बसवणारी कंपनी जागामालकाला पैसे देते, घेत नाही. ट्राय ही संस्था टॉवरसाठी कसलाही ना-हरकत दाखला देत नाही. तसं पत्र आलं तर ते बनावट समजा. तसंच 'तुमचं सिम फाईव्ह-जी करून देतो, आलेला नंबर सांगा' म्हणणाऱ्यालाही ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच तर लाजू नका. १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि नवा फोन घेण्याआधी एक काम करा. प्रत्येक कंपनीनं आपल्या सिग्नलचा नकाशा संकेतस्थळावर ठेवावा असा ट्रायचा आदेश आहे. घरातल्या शिकत्या मुला-मुलीला तो उघडायला सांगा. आपलं शिवार त्यात रंगवलेलं असेल आणि प्रत्यक्षात विहिरीवर पट्टी नसेल, तर तारीख, वेळ आणि जागा वहीत टिपून कंपनीच्या १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. एकट्यानं केली तर ती विसरली जाते. वाडीतल्या दहा-पंधरा जणांनी मिळून केली, तिची प्रत ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडली, की ती फाईलमध्ये राहते.