मोळी वाहणारा रणगाडा

फौजेच्या इतिहासात तोफखान्याची कीर्ती होते, घोडदळाच्या दौडींचे पोवाडे रचले जातात. परंतु जो सर्वांच्या आधी पुढे जाऊन ओढ्यावर पूल टाकतो, वाटेत पुरलेला सुरुंग हाताने उकरून काढतो आणि शत्रूचा खंदक बुजवून मागच्यांना रस्ता करून देतो, त्या सफरमैनाचे नाव विजयाच्या खलित्यात आले तरी बहुधा अखेरच्या ओळीत येते. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींचे संच विकणाऱ्या दुकानातही मला हीच वहिवाट आढळली. लांब नळीचे जर्मन रणगाडे आणि लढाऊ विमाने दर्शनी फळीवर, आणि ज्याची नळी आखूड व जाड, ज्याच्या कपाळावर लाकडांची मोळी बांधलेली, असा रणगाडा तळाच्या खणात. मी गेल्या पावसाळ्यात चार महिने खपून जी प्रतिकृती जुळवली ती या तळाच्या खणातल्या गाडीची. तिचे नाव ‘चर्चिल एव्हीआरई’, म्हणजे ब्रिटिश रॉयल इंजिनिअर्स दलाची चिलखती गाडी. आणि लढाईच्या यंत्रांपैकी जुळवून पाहण्यास सर्वांत बोधप्रद यंत्र हेच, असे माझे ठाम मत झाले आहे. कारण या गाडीच्या अंगावर मागाहून चढलेल्या प्रत्येक भागामागे एखादा अडथळा आहे, आणि त्या अडथळ्यापाशी पूर्वी कोणी तरी प्राणास मुकलेला आहे.

ती हकीकत दिएपपासून सुरू होते. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील या बंदरावर दोस्त राष्ट्रांनी जो छापा घातला त्यात सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिक होते, आणि दिवस मावळण्यापूर्वी त्यांतले ३,३०० हून अधिक ठार, जखमी अथवा बंदिवान झाले होते. उतरलेल्या चर्चिल रणगाड्यांपैकी काही किनाऱ्यावरच्या गोट्यांत अडकून पडले. जे किनारभिंत ओलांडून वर चढले ते शहरात शिरणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी बांधलेल्या काँक्रीटच्या अडसरांपुढे थबकले. हे अडसर उडवण्याची जबाबदारी ज्या इंजिनिअरांवर होती त्यांनी स्फोटके अंगावर वाहून नेण्याची योजना होती, आणि उघड्या किनाऱ्यावर मशीनगनांच्या माऱ्यात ती योजना कोसळली. रणगाडा होता, दारूही होती. परंतु दारू अडसरास नेऊन लावणारा माणूस वाटेतच पडला.

यावर तोड सुचवली ती कॅनेडियन इंजिनिअर दलातल्या डेनोव्हन नावाच्या एका लेफ्टनंटने. सफरमैनाने रणगाड्यामागून धावण्याऐवजी रणगाड्यातच बसावे, आणि त्याच्या हत्यारांस व दारूस आतच जागा करून द्यावी, ही त्याची तजवीज ऐकण्यास साधी वाटते. चर्चिलची निवड झाली ती तो आतून ऐसपैस, चिलखताने जाड आणि दोन्ही बाजूंस माणूस बाहेर पडू शकेल असे दरवाजे असलेला म्हणून. त्याची नेहमीची तोफ उतरवून तिच्या जागी ‘पेटार्ड’ नावाची २९० मिलिमीटर व्यासाची उखळी बसवण्यात आली. तिचा बॉम्ब सुमारे १८ किलो वजनाचा असे, आणि सैनिक त्यास ‘उडती कचरापेटी’ म्हणत.

या गाड्या ज्या ७९ व्या चिलखती डिव्हिजनच्या दिमतीस होत्या तिचे सेनापती मेजर जनरल पर्सी होबार्ट. हे जन्माने नैनितालचे, आणि नोकरीच्या आरंभी बंगाल सफरमैनांत होते. रणगाड्यांविषयीच्या आग्रही मतांमुळे वरिष्ठांशी त्यांचे पटेना, तेव्हा १९४० च्या सुमारास त्यांना सेवेतून दूर करण्यात आले, आणि हा सेनापती आपल्या गावच्या स्वयंसेवक रक्षकदलात लान्स कॉर्पोरल म्हणून दाखल झाला. तेथून पंतप्रधान चर्चिल यांनी त्यांना परत आणवले. होबार्टच्या हाताखाली जी विलक्षण यंत्रे तयार झाली त्यांत फिरत्या दंडगोलास साखळ्या लावून त्यांनी जमीन बडवीत, सुरुंग फोडीत जाणारा ‘क्रॅब’ होता, आग ओकणारा ‘क्रोकोडाइल’ होता. परंतु सर्वांत अष्टपैलू एव्हीआरईच, कारण तिच्यावर प्रसंगानुसार ३० फुटी पूल लादता येई, मऊ जमिनीवर अंथरायच्या भक्कम कापडाचे प्रचंड रीळ बसवता येई, किंवा खंदकात लोटायची मोळी वाहता येई.

माझी प्रतिकृती १:३५ या प्रमाणाची, तैवानच्या ‘एएफव्ही क्लब’ या कारखान्याच्या संचातली. पस्तीस हा आकडा असा अडनिडा का, याचे उत्तर जपानमधील शिझुओका येथील तामिया कारखान्यात आहे. त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याची जी प्रतिकृती काढली तिच्यात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत या अटीने जो आकार ठरला तो सुमारे पस्तिसावा हिस्सा भरला, आणि पुढे इतरांनीही तेच माप स्वीकारले. हे माप एकदा अंगवळणी पडले की खऱ्या गाडीचे गणित हातात येते. साडेसात मीटर लांबीचा चर्चिल येथे सुमारे २१ सेंटिमीटरचा होतो, पुढचे १०२ मिलिमीटरचे चिलखत तीन मिलिमीटरांहून किंचित कमी, आणि पेटार्डचा बॉम्ब सव्वाआठ मिलिमीटर व्यासाचा. वजनाचे गणित मात्र निराळे: लांबी ३५ पटींनी घटली तर घनफळ ४२,८७५ पटींनी घटते, म्हणून खऱ्या पोलादाचीच बनवली असती तरी ही चाळीस टनांची गाडी टेबलावर एका किलोहून कमी भरली असती. परंतु मला सर्वांत अस्वस्थ करून गेला तो पल्ल्याचा आकडा. पेटार्डचा परिणामकारक पल्ला अवघा ८० यार्ड, म्हणजे ७३ मीटर. पस्तिसाने भागले तर दोन मीटर. टेबलापासून दोन मीटरांवर माझ्या खोलीची भिंत आहे. शत्रूच्या काँक्रीटच्या ठाण्याशी इतक्या सलगीने जाऊन या गाडीस उभे राहावे लागे, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या भिंतीने स्पष्ट सांगितले.

जुळवणीचे काम असे चालते. पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरून काढलेले शेकडो सुटे भाग प्लॅस्टिकच्याच चौकटींना देठांनी लटकलेले असतात. साच्यातून सहज सुटावेत म्हणून लावलेल्या तेलाचा अंश त्यांवर राहिलेला असतो, म्हणून प्रथम साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन चौकटी वाळवाव्या लागतात. भाग कापताना देठ थोडा राखून कापावा आणि उरलेला धारदार पात्याने अलगद तासावा. घाईने मुळापाशी कापले की भागाचाच टवका निघतो. साच्याच्या दोन फाळक्या जेथे मिळतात तेथे बारीक रेघ उठलेली असते, तीही काचकागदाने घासून काढावी लागते. जोडण्यास वापरतात तो पदार्थ सामान्य गोंद नसून द्रावक असतो: तो प्लॅस्टिकची कड क्षणभर विरघळवतो आणि दोन कडा एकजीव होतात. दोन भाग एकमेकांस भिडवून धरावेत आणि कुंचल्याचे टोक फक्त सांध्यास टेकवावे. वातीत तेल चढावे तसा तो द्रव आपोआप फटीभर पसरतो. खिडकी उघडी ठेवूनच हे करावे, कारण त्याची वाफ श्वासावाटे आत जाणे बरे नव्हे.

चर्चिलच्या प्रत्येक बाजूस अकरा चाके असतात. मी आरंभी ती अकराही टेबलास सारखी टेकली पाहिजेत असा हट्ट धरला आणि पट्टी लावून तशी बसवलीही. नंतर कळले की सपाट जमिनीवर खऱ्या गाडीचा भार मधल्या नऊ चाकांवरच असतो आणि टोकांची चाके चढाव किंवा भिंत समोर आल्यावर कामास येतात. चिकटलेली चाके पुन्हा सोडवण्यात दोन संध्याकाळी गेल्या, परंतु जी गाडी किनारभिंत चढून जाण्यासाठी ख्यात होती ती कशी चढे, हे त्या दोन संध्याकाळींनी मला शिकवले. फिरत्या बुरुजाचेही तसेच. चर्चिलच्या तिसऱ्या आवृत्तीचा बुरूज पत्रे वितळजोडाने सांधून केलेला, चौथीचा ओतीव. एव्हीआरई दोन्हींपासून बनवल्या गेल्या. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग खरबरीत असतो, आणि तो आणण्यासाठी प्लॅस्टिकवर द्रावकाचा हात फिरवून ते मऊ असतानाच जुन्या, आखूड केसांच्या कुंचल्याने टोचीत जावे लागते.

आणि मग पेटार्डची पाळी आली. ही उखळी आतून भरता येत नसे. ती भरण्यासाठी बुरूज वळवून तिचे तोंड चालकाच्या शेजारी बसणाऱ्या सैनिकाच्या डोक्यावर आणीत, नळी बंदुकीसारखी मोडून उभी करीत, आणि तो सैनिक आपल्या डोक्यावरचे सरकते झाकण उघडून अठरा किलोचा बॉम्ब दोन्ही हातांनी वर, नळीत लोटी. हे झाकण प्रतिकृतीत नखाएवढे आहे. ते चिकटवताना मी बराच वेळ थांबलो. दिएपच्या किनाऱ्यावर सफरमैनाचे सर्व शरीर उघडे होते. या सर्व खटाटोपानंतर, चाळीस टन पोलाद भोवती उभे केल्यानंतर, ते मनगटांपर्यंत येऊन ठेपले होते. इंजिनिअरी विद्येचा हा मोठाच विजय, आणि तरीही कोणाचे तरी हात बाहेर काढावे लागतच होते.

हे हात आपल्या परिचयाचे आहेत. पुण्याजवळ खडकी येथे ज्यांचे केंद्र आहे त्या बॉम्बे सफरमैनांतील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या आरंभी अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत एका उघड्या ब्रेन कॅरिअरमध्ये बसून चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधून निकामी करवली. त्यांच्या खालची गाडी दोनदा उडाली, तरी ते पुढेच राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच परंपरेतले कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर होते. तेथे शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग आणि अडसर दूर करताना राणे रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोन दोऱ्यांनी चालकास खुणा करीत, सुरुंगांवरून तो रणगाडा चुकवीत चुकवीत घेऊन गेले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. होबार्टच्या यंत्रशाळेतले एकही यंत्र त्या डोंगरवाटेवर नव्हते. यंत्राच्या जागी माणूस होता. माझ्या प्रतिकृतीतले प्रत्येक झाकण व प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे ज्यास समजून घ्यायचे असेल त्याने राण्यांच्या त्या दोऱ्या आठवाव्यात.

मोळी संचात प्लॅस्टिकची असली तरी मी ती वापरत नाही. खरी मोळी लाकडी फाट्यांची, तारांनी आवळलेली, सुमारे आठ फूट व्यासाची असे. तिच्यामुळे चालकास पुढचे दिसत नसे आणि गाडीप्रमुखास वरून वाट सांगावी लागे. माझ्या मोळीसाठी मी घरातला जुना खराटा सोडला. नारळाचा हीर दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, म्हणजे पस्तीस पटींनी मनगटाएवढ्या फाट्याच्या मापाचा भरतो. त्यात मेंदीच्या कुंपणाच्या वाळक्या काटक्या मिसळल्या म्हणजे एकसारखेपणा मोडतो. सात सेंटिमीटर व्यासाची मोळी बांधण्यास, आत पुठ्ठ्याची नळी घालूनही, साडेतीनशेच्या आसपास काड्या लागल्या. रंगाबद्दल थोडेच सांगतो: १९४४ च्या वसंतापासून ब्रिटिश गाड्यांना गडद ऑलिव्ह हिरवा रंग देऊ लागले होते, परंतु लहान आकारावर तोच रंग काळा दिसतो, म्हणून त्यात थोडा फिकट रंग मिसळावा, आणि चिखल लावावा तो फक्त जेथे चाक तो उडवील तेथेच.

सफरमैनांची ती यंत्रविद्या आज आपल्याकडेही आहे. भारतीय इंजिनिअर दलाचे ब्रीद ‘सर्वत्र’. पुण्याजवळच दिघी येथील संरक्षण-संशोधन संस्थेने याच नावाचा जो वाहनावरून टाकायचा पूल सिद्ध केला तो पंधरा मीटरांचे पाच गाळे जोडून ७५ मीटरांपर्यंत पोहोचतो. त्याची प्रतिकृती एखाद्या भारतीय कारखान्याने काढावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.

खरी चर्चिल एव्हीआरई पाहायची असेल तर नॉर्मंडीतील ग्रे-सुर-मेर या गावी जावे. ६ जून १९४४ च्या सकाळी ‘वन चार्ली’ या नावाची एक गाडी किनाऱ्यामागच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात घसरून बुडाली. मागून आलेल्यांनी तिच्याच पाठीचा खांब करून वर पूल टाकला आणि फौज त्यावरून पुढे गेली. पुढे खड्डा बुजला, आणि ती गाडी १९७६ पर्यंत जमिनीखाली राहिली. त्या वर्षी ती उकरून काढण्यात आली, आणि आज ती त्याच किनाऱ्यावर, आपल्या आखूड उखळीसह, समुद्राजवळ उभी आहे.