सोन्यावरची मकर रास

शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर मूर्ती नाही, उघड्यावर उभी असलेली काळी शिळा आहे. हातात आयुध नाही, तरी भाविकाला देव ओळखता येतो. रोमन नाण्यांवरचे देव मात्र त्यांच्या हातातल्या वस्तूंवरून ओळखायचे. रोमनांचा शनी, सॅटर्न, हा शेतीचा देव. म्हणून इ.स.पू. 100च्या सुमाराच्या एका चांदीच्या देनारियसवर त्याच्या मस्तकामागे विळा दिसतो. रोमचा सरकारी खजिनाही त्याच्याच देवळात असे.

सोन्याचं नाणं म्हणजे ऑरियस: सम्राट ऑगस्टसच्या काळात वजन आठ ग्रॅमच्या आसपास, किंमत 25 देनारियस. ते पाडायचं कसं? खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवायचा, त्यावर सोन्याची चकती ठेवायची, वरचा ठसा धरून हातोडा मारायचा. ठशात चित्र उलटं आणि खोलगट कोरलेलं असे. बोटाच्या पेराएवढ्या जागेत इतकं बारीक कोरणारे ते कारागीर मला फार मोठे वाटतात.

ऑगस्टसच्या एका ऑरियसवर छाप्याच्या बाजूला त्याचा चेहरा आहे आणि काट्याच्या बाजूला मकर, पुढून बोकड, मागून मासा. पायांत गोल आणि सुकाणू आहे; गोल म्हणजे जगावरची सत्ता. सुकाणू म्हणजे राज्याला दिशा देणारा हात. पाठीवरचं शिंग फळाफुलांनी भरलेलं, ती सुबत्ता. मकरेचा स्वामी शनी, हे आपल्याकडे पंचांग उघडणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण ऑगस्टस जन्मला 23 सप्टेंबरला. तेव्हा सूर्य मकरेत कसा असेल? अनेक अभ्यासकांच्या मते मकरेत होता तो चंद्र. म्हणजे आपण रास धरतो तसंच. त्याने स्वतःची पत्रिका जाहीर केली आणि मकरेची नाणी पाडली, असं चरित्रकार सुएटोनियस लिहितो.

या रोमन जगाच्या खुणा आपल्याकडेही आहेत. शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्या नेवाश्यात प्रवरेकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या चमूने 1954 पासून उत्खनन केलं. तिथे भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या कुंभांची खापरं मिळाली. अशा व्यापारात भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती. शंभर सेस्टर्सचा एक ऑरियस, म्हणजे पाच लाख सुवर्णनाणी!

भारतात सापडलेल्या काही ऑरियसवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. काहींना गळ्यात घालण्यासाठी दोन भोकं पाडलेली आहेत, बहुधा मस्तकाच्या वर, म्हणजे माळेत चेहरा सरळ राहतो.